चराच्या तोंडाशी: ओढ्यात उतरणाऱ्या स्फुरदाच्या नोंदी

१८ मे

जागा ठरली. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं शिवार. वर माळाची मुरमाड रानं, मधे काळीभोर उसाची, खाली नदीला लागून मळी, म्हणजे पुराच्या गाळाची जमीन. या तिन्हींतून एक ओढा उतरतो आणि दोन्ही अंगांनी शेतातले चर त्याला येऊन मिळतात. पाणी तीन जागी घ्यायचं: माळावरून येणाऱ्या पाण्याची मोरी, इथले ऊसवाले शेतकरी तात्या यांच्या रानाचा चर ओढ्याला मिळतो ते तोंड, आणि ओढा नदीत पडण्याआधीचा साकव. बाटल्यांवर तीच नावं लिहायची. ए-वन, बी-टू लिहिलं की आठवड्यानं कुणालाच काही कळत नाही.

हे खटाटोप कशासाठी, ते एकदा लिहून ठेवतो. माझी माती-पाणी तपासणीची छोटी प्रयोगशाळा आहे. ऊसवाल्या रानांचे अहवाल वर्षानुवर्षं बघतोय. स्फुरदाच्या, म्हणजे फॉस्फरसच्या, रकान्यात ‘जास्त’, ‘अत्यंत जास्त’ असं लिहून देतो. माणूस कागदाची घडी खिशात घालतो आणि जाताना दुकानातून डीएपी, म्हणजे स्फुरद आणि नत्राचं खत, घेऊन जातो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: स्फुरद जागचा हलत नाही, जास्त झाला तर रानातच राहील. युरिया वाहून जातो, हा राहतो. दुकानदारही हेच सांगतो आणि कृषी पदविकेच्या वर्गात आम्हीही हेच शिकलो. मग ओढ्याच्या तोंडाशी केंदाळ (जलपर्णी) कशावर माजतंय?

हिशेब साधा आहे. आडसाली उसाला, म्हणजे पावसाळ्यात लावून दीडेक वर्षानं तोडायच्या उसाला, राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र (नायट्रोजन), १७० किलो स्फुरद, १७० किलो पालाश. पोत्यावरचा स्फुरद म्हणजे पी२ओ५, त्याला ०.४४ नं गुणलं की निव्वळ फॉस्फरस येतो, इथे सुमारे ७५ किलो. १०० टन ऊस तोडून नेला तर त्याच्याबरोबर साधारण ५० किलो पी२ओ५ रानाबाहेर जातो. शिफारस मुद्दाम चढी ठेवलेली असते, कारण चुनखडीच्या काळ्या जमिनीत टाकलेल्यातला बराचसा भाग कॅल्शियमशी बांधला जातो आणि पहिल्या पिकाला त्यातला थोडाच मिळतो. पण बांधला गेला म्हणजे नाहीसा झाला असं नाही. लागण, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक), पुन्हा लागण, वर प्रेसमड (साखर कारखान्यातली मळी) आणि कोंबडीखत. वीस-तीस वर्षं ही शिल्लक साचत आली आहे. शिवाय शिफारशीपाशी थांबणारे थोडेच.

२६ मे

रोहिणी निघाल्या, पाऊस नाही. मातीचे नमुने घेतले. नेहमी २० सेंटिमीटर खोलीचा एकच नमुना घेतो. या वेळी वरच्या दोन बोटांचा थर वेगळा खरवडून घेतला. पावसाचं पाणी रानावरून वाहताना ज्या मातीशी त्याची गाठ पडते ती एवढीच.

तात्यांच्या नांगरलेल्या तुकड्यात काही दिसलं नाही. पण शेजारच्या निडव्याच्या, म्हणजे दुसऱ्या खोडव्याच्या, रानात, जिथे नांगर लागलेला नाही आणि खत वरून विस्कटलंय, तिथे वरच्या थराच्या अर्काचा निळा रंग खालच्यापेक्षा डोळ्यांना कळेल इतका गडद आला. खत जिथे पडलं तिथेच राहिलं, हे खरं. तेच तर अडचणीचं आहे.

काळ्या रानाला पडलेल्या भेगा बघून घेतल्या. बरोबरच्या पोरानं सायकलची तार आत सोडली, ती मुठीपर्यंत गेली आणि तळ लागला नाही. भेगेच्या कडेवर वरची भुरी माती घरंगळून आत पडलेली. त्या मातीवर गेल्या वर्षीच्या खताचे राखाडी कण अजून दिसत होते. पहिल्या पावसात हे सगळं सरळ खाली जाणार, मातीच्या थरातून गाळत नव्हे.

तात्या बांधावर बसून बघत होते. म्हणाले, “आरं, मातीतलं खत पान्यात हुडकायला लागलाईस व्हय? त्यापरीस उसाचा दर हुडक.”

२ जून

दिवस बाटल्यांत गेला. स्फुरद मोजायचा तर बाटली कपड्याच्या पावडरीनं धुवायची नाही. पावडरीतला फॉस्फेट काचेला धरून राहतो आणि ओढ्याऐवजी धुणंच मोजलं जातं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर, मग ऊर्ध्वपातित पाण्यानं अनेकदा विसळून, पालथ्या. लॅबमधल्या मावशींना हे पटायला वेळ लागला. “साबणाबिगर भांडं निघतंय व्हय,” हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

पद्धत तीच जुनी, मर्फी आणि रायली यांची १९६२ सालची: अमोनियम मॉलिब्डेट, गंधकाम्ल, थोडं अँटिमनीचं मीठ आणि ॲस्कॉर्बिक आम्ल. पाण्यात फॉस्फेट असेल तर दहा मिनिटांत निळा रंग चढतो. जितका स्फुरद तितका निळा. ॲस्कॉर्बिकचं द्रावण मात्र रोजच्या रोज ताजं करायचं, पिवळं पडलं की फेकून द्यायचं. मातीसाठी ऑल्सेनची १९५४ ची रीत: ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेट, सामू (पीएच) ८.५, अर्धा तास हलवायचं. मग अर्कात आम्ल थेंबाथेंबानं घालायचं, नाहीतर फसफसून निम्मं टेबलावर येतं.

प्रत्येक पाण्याच्या दोन मोजण्या करायच्या. एक ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, म्हणजे पाण्यात विरघळलेला. दुसरी गाळ न काढता, पर्सल्फेट घालून उकळून, म्हणजे गाळाला चिकटलेला धरून सगळा. दोघांतला फरक म्हणजे मातीच्या पाठीवर बसून गेलेला. या कामाचा सगळा जीव त्या फरकात आहे.

९ जून

काल दुपारी मृगाचा पहिला पाऊस आला. तासभर, पण आडवातिडवा. पोरं चहाच्या टपरीवर होती, मी चराशीच होतो.

पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच नाही. रान सगळं पाणी पीत होतं, भेगांतून आत जाताना गुडगुड आवाज येत होता. मग सऱ्यांत पाणी साठलं, सरीच्या शेवटाचा मातीचा बांध एका जागी ढासळला आणि चराला लोंढा आला. चॉकलेटी नव्हे, काळसर करडा, वर पाचटाचे तुकडे आणि फेस. बाटली बुडवली तर हातावर मातीचा साय बसल्यासारखा थर. पहिली बाटली लोंढ्याच्या तोंडाची, मग थोड्या थोड्या वेळानं भरत गेलो. मोरीवर आमच्यातली एक मुलगी थांबली होती. माळावरचं पाणी तांबूस, आलं लवकर आणि गेलंही लवकर.

गाळायला बसलो तेव्हा खरी परीक्षा. चराचं पाणी सिरिंजमध्ये भरून गाळणीतून ढकलायचं तर थोडं उतरलं की गाळणी बंद. अंगठा दुखायला लागतो. एका नमुन्याला किती चकत्या लागल्या ते लिहीत नाही, पुढच्या खेपेला खर्च बघून हात आखडेल.

आज रंग केले. गाळून घेतलेल्या पाण्यात निळा फिकट, तुलनेसाठी केलेल्या नळ्यांतल्या सगळ्यात कमी प्रमाणाच्या नळ्यांच्या जवळपास. तेच पाणी गाळासकट उकळून केलं तर इतका गडद की पट्टीबाहेर गेला, पातळ करून पुन्हा घ्यावा लागला. लोंढ्याच्या तोंडाची बाटली सगळ्यांत गडद. शेवटच्या बाटलीपर्यंत रंग निम्म्याहून खाली उतरलेला.

दुकानदाराचं वाक्य म्हणजे अर्धंच खरं. विरघळून स्फुरद फारसा जात नाही. जाते ती माती, आणि तो तिला धरून असतो. त्यातही पाणी निवडून नेतं. वाळू आणि जाड कण सरीतच बसतात, तरंगत जातात ते चिकणमातीचे बारीक कण आणि सेंद्रिय भुसा. स्फुरद याच बारीक कणांच्या अंगावर जास्त, कारण वजनाच्या मानानं त्यांचं पृष्ठफळ प्रचंड. म्हणून चरातल्या गाळात किलोमागे स्फुरद निघतो तो रानातल्या मातीपेक्षा जास्त. सुपीक वाटा आधी जातो.

१० जून

रात्री आकडेमोड करत बसलो होतो, ती इथे टाकतो. आपल्याकडच्या काळ्या मातीत सगळा मिळून फॉस्फरस टनाला साधारण अर्धा ते एक किलो. एका हेक्टरातून टनभर माती गेली तर दिसतसुद्धा नाही. सगळ्या रानावर पसरून धरली तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ थर. समजा त्या मातीबरोबर १ किलो फॉस्फरस गेला.

शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात निव्वळ फॉस्फरस १० किलो आणि पोतं १३५० रुपयांना. सगळी किंमत स्फुरदाचीच धरली, नत्र फुकट धरला, तरी गेलेला १ किलो म्हणजे १३५ रुपये. दोन माणसांच्या वडापाव-चहाचे पैसे. एवढ्यासाठी कोण बांध घालत बसेल? तात्यांनी हसावं यात नवल नाही.

आता पाण्याच्या बाजूनं. वाहत्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर फॉस्फरस गेला की शेवाळाचा धोका धरतात. साचलेल्या तळ्यात तर ०.०३ च्या आसपासच पाणी हिरवं व्हायला लागतं. १ किलो फॉस्फरस १ कोटी लिटर पाणी ०.१ पर्यंत चढवतो. एक कोटी लिटर! रानाच्या दृष्टीनं जे नगण्य, तेच ओढ्याच्या दृष्टीनं महापूर आहे. नत्राचं असं नाही. नत्र गेला की पीक पिवळं पडतं, खिशाला कळतं, माणूस सावध होतो. स्फुरद गेल्याचं रान कधी सांगतच नाही. म्हणून ‘तुमचा तोटा होतोय’ म्हणत शेतकऱ्याकडे गेलं तर गोष्ट तिथेच संपते. त्याचा तोटा जाणाऱ्या खतात नाहीच, गरज नसताना घेतलेल्या पोत्यात आहे. बोलायचं तर तिथून.

२२ जून

पाऊस उघडला. ओढ्याला नितळ पाणी, साकवाखाली मासे दिसले. तिन्ही जागी रंग जेमतेम. महिन्यातून एकदा ठरल्या तारखेला येऊन बाटली भरणारा माणूस हेच पाणी नेईल आणि अहवालात ‘समाधानकारक’ लिहील. वर्षभरातला मोठा वाटा मोजक्या मोठ्या पावसांत वाहून जातो आणि त्या वेळी सरकारी बाटली कपाटात असते.

१४ जुलै

आडसाली लागणी जोरात. तात्यांनी सरीत डीएपी टाकला, वरून मातीआड केला, मग कांड्या दाबल्या. वरच्या अंगाच्या रानात मात्र बाळभरणीच्या (उसाला पहिली माती लावण्याच्या) आधीच सरीत खत टाकून उघडंच ठेवलेलं, कारण मजूर दुसऱ्या दिवशी येणार होते. मजूर यायच्या आत पाऊस आला.

या वेळी उलटं घडलं. त्या रानाच्या पाण्यात गाळ बेताचा, पण गाळलेलं पाणीच निळंशार. डीएपीचा दाणा पाण्यात सहज विरघळतो. मातीशी गाठ पडण्याआधीच पाण्याशी पडली की तो सरळ ओढ्याचा. मातीत आठ-दहा दिवस मुरला असता तर बहुतेक धरला गेला असता. इथे जमीन नाही, माणूस नाही, फक्त दिवस चुकला. मोठ्या पावसाचा अंदाज असताना खत उघडं ठेवायचं नाही, आणि ठेवायचं ते चार बोटं मातीखाली. सगळ्या प्रकल्पातला बिनखर्ची उपाय हाच असेल. पहारीनं खत द्यायची जुनी पद्धत या कामाला चांगली, पण पहार मारायला माणूस मिळत नाही.

हे ज्यांचं रान त्यांना सांगितलं. “पाऊस काय आम्हाला इचारून येतो का,” म्हणाले. खरंय.

२७ जुलै

कोयना धरणातून विसर्ग वाढवलाय. कृष्णा फुगली, ओढ्याचं पाणी खाली जायचं सोडून नदीचं पाणी ओढ्यातून वर चढतंय. साकव बुडाला. काम बंद. सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी सगळे फोनवर बघत बसलेत. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं तेव्हाचे दिवस कुणी विसरलेलं नाही, आणि २०२१ तर कालचंच.

३ ऑगस्ट

पाणी उतरलं. मळीच्या रानात आठवडाभर पाणी उभं होतं. शेवाळलेला, अंडं कुजल्यासारखा वास. कडेच्या डबक्यातलं पाणी घेतलं. गाळ खाली बसून ते बऱ्यापैकी नितळ होतं, तरी गाळून केलेला रंग पहिल्या पावसातल्या चरापेक्षा गडद.

पाण्याखाली बुडालेल्या मातीतला प्राणवायू काही दिवसांत संपतो. मग जिवाणू श्वासासाठी दुसरं काही शोधतात, त्यात लोहाच्या गंजाचा नंबर लागतो. हा गंज फॉस्फेटला घट्ट धरून असतो. तो विरघळला की त्यानं धरलेला स्फुरदही सुटा होतो. तळ्याच्या तळाशी हे कसं घडतं ते मॉर्टिमर यांनी १९४१ मध्येच मांडलं. आपल्या काळ्या मातीत चुनाही भरपूर, त्यामुळे सगळा खेळ लोहाचा नाही, पण बुडालेल्या रानातून स्फुरद सुटतो हे डबक्यानं दाखवलं. गंमत म्हणजे पुरानं आणलेला गाळ हा वरच्या गावांचा स्फुरद. मळीचं रान खत न घालता पिकतं असं म्हातारी माणसं सांगतात, ती उगाच नाही.

डबकी चर काढून नदीला सोडणं सगळ्यांचं चालू आहे. पीक वाचवायचं तर दुसरं काय करणार.

११ सप्टेंबर

शिवाराच्या दुसऱ्या टोकाला क्षारपड सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकलेत. त्यांचं तोंड ओढ्यावर उघडतं. पाईपचं पाणी नितळ, चवीला खारट. स्फुरद नसेलच असं गृहीत धरून घेतलं. रंग आला, फिकट पण ठळक.

भेगा आणि गांडुळांची बिळं यांतून वरचं पाणी मधल्या मातीला न शिवता पाईपपर्यंत पोचतं, हे आहेच. दुसरं कारण जमिनीच्या पोटाचं. इंग्लंडात रोदमस्टेडला ब्रॉडबॉक नावाचं रान आहे, १८४३ पासून एकाच ठिकाणी गव्हाचे प्रयोग चाललेत. तिथे दिसलं की ऑल्सेन स्फुरद किलोला ६० मिलिग्रॅमपर्यंत असला तर पाईपच्या पाण्यात तो नावापुरता. त्याच्या वर गेला की एकदम चढायला लागतो. माती जोवर धरू शकते तोवर धरते. आपल्या अहवालाच्या भाषेत ६० मिलिग्रॅम म्हणजे हेक्टरी १३४ किलो. ‘जास्त’ची रेघ आपण २५ किलोच्या आसपास मारतो, त्यामुळे कुणाला वाटेल की धोका अजून लांब आहे. पण ब्रॉडबॉकचा आकडा ब्रॉडबॉकचा. चुन्याचं प्रमाण आणि चिकणमाती बदलली की तो वळणबिंदू सरकतो. आणि वरच्या दोन बोटांच्या थराला वेगळा हिशेब लागतो. मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे, क्षारपड जमिनींवर तिथे काम चालतं. पाईपच्या पाण्याचं हे त्यांच्या कानावर घालणार आहे.

२९ सप्टेंबर

खड्ड्याचा प्रयोग. चराच्या तोंडाशी आडवा खड्डा खणला, गाळ बसावा म्हणून. कल्पना सगळ्यांना आवडली, तात्यांनी जेसीबीवाल्याला स्वतः फोन लावला.

परतीच्या पावसात बघितलं. जाड गाळ छान बसला, घमेली भरून काढून पोरांनी परत सरीत टाकला. पण खड्ड्यातून ओसंडणारं पाणी गढूळच्या गढूळ. प्रयोगशाळेत माती तपासणाऱ्याला याचं आश्चर्य वाटू नये: दोन मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर खाली बसायला आठ तास घेतो. दोन फुटी खड्ड्याला दोन दिवस लागतील आणि पाऊस थांबत नाही. स्फुरद तर त्याच बारीक कणांवर.

पाईपच्या टोकाकडच्या चोपण (सोडियम वाढलेल्या) रानाचं पाणी याहून हट्टी. बाटली खिडकीत ठेवलीय, पाऊस होऊन गेला तरी अजून ढवळल्यासारखी. सोडियम जास्त असला की चिकणमातीचे कण एकमेकांना झिडकारतात, गोळा होऊन बसतच नाहीत. चिमूटभर जिप्सम टाकून हलवलं. अर्ध्या तासात कापसासारखे पुंजके खाली बसले, वर स्वच्छ पाणी. कॅल्शियमनं कण जोडले. जिप्सम तर ही माणसं चोपण सुधारायला तसंही टाकतात. पोरांनी व्हिडिओ काढला, आणि माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा तोच गावात जास्त फिरला.

१८ नोव्हेंबर

उसाला पाटपाणी चालू. पावसाळा संपला म्हणून चर बंद, असं मी धरत होतो, पण तसं नाही. रात्रीची वीज, मोटर चालू करून माणूस झोपतो, सरी भरते, शेवटाकडून ओसंडते आणि पहाटेपर्यंत चर वाहतो. पावसाच्या मानानं गाळ कमी, पण वारंवार. शेजारच्या ठिबकच्या रानातून थेंब बाहेर येत नाही. ठिबकवाले स्फुरदही पाण्यातून थोडा थोडा देतात, महाग पडतं म्हणून हात राखून देतात. तो हात राखणंच मला जास्त मोलाचं वाटतं.

चराच्या कडेला तात्यांनी गुरांसाठी हत्तीगवत लावलंय. गवतातून आलेलं आणि थेट आलेलं पाणी शेजारी शेजारी धरून बघितलं. गवतानं गाळ अडवला, स्पष्ट दिसला. विरघळलेल्याला मात्र ते अडवत नाही. पाचट आच्छादनाचंही तसंच: माती वाहायची जवळजवळ थांबते, पण कुजणाऱ्या पाचटातून थोडा विरघळलेला स्फुरद सुटतो. म्हणून पाचट जाळा असं मी म्हणणार नाही. पाचट ठेवा आणि खत मातीआड करा. गवत कापून गोठ्यात गेलं पाहिजे, नाहीतर अडवलेलं सगळं तिथेच साठून एक दिवस तेच ओढ्याला खायला घालेल.

५ फेब्रुवारी

नदीवरच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला केंदाळ पसरलं. ओढा जवळजवळ आटला, तरी साकवाखालचं पाणी वर्षातलं सगळ्यात निळं निघालं. चर कोरडे, मग आलं कुठून?

गटारीतून. गावाचं सांडपाणी साकवाच्या जरा वर ओढ्यात सोडलंय. ते बारमाही, आणि त्यातला स्फुरद बहुतेक विरघळलेला, शेवाळाला आयता. उन्हाळ्यात नदी संथ, पाणी ऊबदार, गढूळपणा नाही म्हणून ऊन तळापर्यंत. अशा वेळी आलेला एक किलो पावसाळ्यातल्या एक किलोपेक्षा जास्त घात करतो. पुरात आलेला बराचसा गाळ पुढे निघून जातो. त्यामुळे सगळं खापर उसावर फोडायचं नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. पावसाळ्यात किलोंचा हिशेब रानाचा, उन्हाळ्यात हिरवळीचा हिशेब बऱ्याच अंशी गावाचा. पण बंधाऱ्यात बसलेला गाळ पावसाळ्यातला असतो आणि तळाचा प्राणवायू संपला की ऑगस्टच्या डबक्यातलं तेच इथे घडतं. रानाची उधारी उन्हाळ्यात वसूल होते.

पोरांनी विचारलं, नत्र पण जातोच की, स्फुरदावरच एवढा डोळा का? कॅनडात २२६ क्रमांकाचं एक तळं आहे. १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नत्र घातला, एकीकडे त्यात फॉस्फरसही. तीच बाजू हिरवीगार झाली. नत्र कमी पडला तर काही निळी-हिरवी शेवाळं हवेतून ओढून घेतात. स्फुरदाला हवेतला साठा नाही. आणि त्याच्या १ ग्रॅमवर सुकं वजन धरून १०० ग्रॅमच्या आसपास शेवाळ उभं राहू शकतं. चित्र फळ्यावर काढून दाखवलं, पटलं.

१६ मार्च

तात्यांच्या दुसऱ्या तुकड्यातला, आधीच्या लागणीचा ऊस गेला. त्या रानाची माती तपासली, स्फुरद ‘अत्यंत जास्त’, अपेक्षेप्रमाणे. या वेळी कागद खिशात घालू दिला नाही. बांधावर बसून पोत्यांच्या भाषेत बोललो: खोडव्याला डीएपी एकरी दोन पोती टाकता, त्याचे २७०० रुपये. त्यातला नत्र तेवढा युरियातून द्या, पालाश वेगळा द्या, स्फुरद विरघळवणारे जिवाणू शेणखतात मिसळून टाका आणि दोन वर्षं रानातली शिल्लक खाऊ द्या. ओढ्याचं नाव काढलं नाही.

तात्या बराच वेळ गप्प. “आन् ऊस पिवळा पडला तर?”

“स्फुरदानं पिवळा पडत नाही. तरी भीती वाटत असेल तर निम्म्या रानात टाका, निम्म्यात नको. वजनकाट्यावर बघू.”

“निम्मं नगं,” म्हणाले, “चार सऱ्या तुझ्या.” बोलणी होऊन आठ सऱ्यांवर आली. घरी गेल्यावर धाकटे बंधू म्हणाले, पोती आधीच आणून ठेवलीत, सोसायटीच्या नावावर पडलीत. ती लागणीला मातीआड जातील असं ठरलं.

मेच्या आत करायची कामं: आठ सऱ्यांच्या दोन्ही टोकांना खुणेचे दगड. चरातल्या खड्ड्याचा गाळ उपसून रानात. खड्ड्याच्या वरच्या अंगाला गवताची आणखी एक ओळ, बेणं तात्यांकडूनच. चोपण रानवाल्यांना जिप्समचा भाव विचारून ठेवायचा. गाळणीच्या चकत्या मागवायच्या, या खेपेला जास्त. ग्रामपंचायतीच्या बैठकीला गटारीचा कागद घेऊन जायचं. सरपंचवहिनी म्हणाल्यात की शोषखड्ड्याचा विषय तसाही यादीत आहे, आकडे असतील तर बरं पडेल.